काट्याचा होकार

दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. शून्यताईने ट्रेमधला पुढचा बोर्ड चाचणीच्या टेबलावर बसवला, दोन्ही इनपुट एकमेकांना जोडणारं बटण दाबलं आणि मीटरकडे पाहत थांबली. काटा शून्यावर आला. मग तिने बटण सोडलं आणि मोजायला सुरुवात केली.

प्रत्येक बोर्डाला ती हे करते. घाई असली तरी करते, वर उभं राहून कोणी घड्याळ दाखवत असलं तरी करते. "ज्याला शून्य दाखवता येत नाही त्याचं पुढचं बोलणं कशाला ऐकायचं?" असं ती नव्याने आलेल्यांना सांगते. कारखान्यात तिला तिच्या खऱ्या नावाने आता कोणी हाक मारत नाही.

कारखाना लहान आहे. तिथे वजनकाटे, तापमापक आणि दवाखान्यात लागणारी काही उपकरणं बनतात. या सगळ्यांच्या पोटात एक काळी, आठ पायांची, नखाएवढी चिप असते. तिला ऑप-अँप म्हणतात. चिपला दोन इनपुट असतात. त्या दोहोंमधला फरक तेवढा ती उचलते आणि प्रचंड पटीने वाढवून बाहेर टाकते. पुस्तकात ही पट अनंत धरतात, कारण त्याने गणित सोपं होतं. खऱ्या चिपची पट अनंत नसते. एखादी लाख पट वाढवते, तिच्या शेजारची, त्याच पट्टीतून निघालेली, दोन लाख. तीही फक्त संथ गोष्टींसाठी. सेकंदाला पाच-दहा हेलकाव्यांपलीकडे वेग गेला की पट उतरणीला लागते. गोष्ट जितकी सावकाश घडेल तितकी चिप तिला जास्त बळी पडते.

खऱ्या चिपची आणखी एक खोड आहे. तिची दोन इनपुट कधीच तंतोतंत सारखी नसतात. दोन्ही एकत्र जोडली तरी तिला काही लाखांश व्होल्टचा फरक भासतो, जो बाहेर कुठेही नसतो. हा भास ती लाखाने गुणते आणि काटा टोकाला जाऊन चिकटतो. म्हणून चिपला मोकळं सोडत नाहीत. बाहेर पडणाऱ्यातला थोडा भाग, विजेला अडवणाऱ्या एका छोट्या रेझिस्टरमधून, परत आत आणतात. स्वतःचा आवाज ऐकू येणारा माणूस जसा बेताने बोलतो, तशी मग ती बेताने वागते. शंभर पट हवी तर शंभर, दहा हवी तर दहा. या परतीच्या वाटेला लूप म्हणतात. वाट नसेल तर चिप अंगातली सगळी पट लावते. तीच उघड्या लूपची पट, आणि ती मोजणं हे शून्यताईचं काम.

पण मोजण्यासाठीसुद्धा लूप उघडा टाकून चालत नाही. काटा टोकाला चिकटल्यावर मोजणार काय? म्हणून चाचणीच्या टेबलात दुसरी चिप असते. ती पहिलीला बाहेरून धरून ठेवते. मग पहिलीचं आउटपुट दहा व्होल्टने हलवायचं आणि त्यासाठी आत किती फरक लागला ते पाहायचं. पाच लाखांश व्होल्ट लागले, तर पट दोन लाख. परतीची वाट टेबल पुरवतं, त्यामुळे चाचणीच्या बोर्डावर तो रेझिस्टर नसतोच. त्याच्या जागी दोन रिकामी भोकं असतात.

टेबल खोलीच्या आतल्या कोपऱ्यात आहे, पंख्यापासून आणि दारापासून लांब. टेबलाची पकड सोडली की तिथले काटे नुसतं कोणी जवळून गेलं तरी फिरतात. पॅकिंगवालीला तो कोपरा आवडत नाही.

"तुझ्याकडे आलं की कोणीतरी मान वळवून बघतंय असं वाटतं गं."

"बघत नाहीत. तुझ्या हातातला चहा गरम आहे, तो कळतो त्यांना."

"माणसाला कळत नाही एवढं. माझ्या नवऱ्याला समोर ठेवलेला कळत नाही."

त्या दुपारी दोघींचं हे बोलणं चालू असतानाच फोन वाजला. घरून अप्पांचा, म्हणजे शून्यताईच्या वडिलांचा.

"विचारलं मी तिला परत," अप्पा म्हणाले. "हो म्हणाली."

"काय विचारलंत?"

"हेच, की इथंच राहायचं ना? काटा पार उजवीकडे. अगदी टोकाला. त्या केंद्राच्या बाईंना उद्या सकाळी कळवायचंय, पण मी म्हणतो आत्ताच सांगून टाकावं. नको म्हणून."

"मी येईपर्यंत थांबा ना, अप्पा."

"का? तुझ्या यंत्रावर तुझाच भरवसा नाही होय?"

"तसं नाही. संध्याकाळी बोलू."

शून्यताईची आई वर्षभर अंथरुणाला खिळून आहे. मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्यानंतर तिचे हातपाय आणि वाचा गेली. डोळे उघडे असतात, पण ते कशाकडे पाहतात हे छातीठोकपणे कोणालाच सांगता येत नाही. उजव्या हाताच्या स्नायूत मात्र अगदी बारीक हालचाल शिल्लक असल्याचं तपासणीत दिसलं होतं. डोळ्यांना न दिसणारी, पण मोजता येईल अशी. दूरच्या शहरात अशा रुग्णांचं एक केंद्र आहे. उरलीसुरली हालचाल पकडून तिच्यावर बोलायला शिकवणं हे त्यांचं काम. तिथे बरेच महिने राहावं लागतं, घरच्यांना आठवड्यातून एकदाच भेटता येतं. तिथली एक खाट रिकामी झाली होती. उद्या सकाळपर्यंत हो म्हटलं तर ती आईची, नाहीतर यादीतल्या पुढच्या रुग्णाची.

धाकटा भाऊ परगावी असतो. त्याचं मत होतं, पाठवा. अप्पा म्हणत, ती तिथे एकटी सुकून जाईल. दोघांचं बोलणं फोनवरून इतकं विकोपाला गेलं की शेवटी शून्यताईच म्हणाली, तिलाच विचारू. तिने कारखान्यातून एक जुना बोर्ड मागून आणला, बॅटरीवर चालणारी एक पेटी तयार केली आणि तिला डावीकडे शून्य असलेला मीटर लावला. आईच्या हाताला दोन पट्ट्या, पट्ट्यांना दोन तारा, तारा पेटीत. स्नायूने जोर केला की काटा उजवीकडे जाईल. उजवीकडे म्हणजे हो. काटा जे म्हणेल ते तिघांनीही मानायचं, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी काटा हलला होता. अप्पांनी विचारलं, "अगं, मी आहे. ओळखलंस?" आणि चार-पाच सेकंद थांबून काटा सरळ उजव्या टोकाला गेला. अप्पा खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले नाहीत. त्या गडबडीत शून्यताईने आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट केली नाही. दोन्ही इनपुट जोडून शून्य पाहिलं नाही. त्यासाठी आईच्या हातावरच्या तारा सोडवाव्या लागल्या असत्या. काटा नुकताच बोलला होता, आणि त्या क्षणी तारांना हात लावायची तिची छाती झाली नाही.

त्यानंतर अप्पा रोज विचारू लागले. आईला डाव्या कानाने कमी ऐकू येतं म्हणून ते उजव्या बाजूला, उशीजवळच्या स्टुलाकडे वाकून, अगदी कानाशी तोंड नेऊन बोलत. पेटी त्याच स्टुलावर असे. तारा नीट बसत नव्हत्या म्हणून तिला झाकण घातलेलं नव्हतं. अप्पांना उत्तर मिळायचंच. इतरांना मिळत नसे. धाकट्याने फोनच्या स्पीकरवरून तीनतीनदा विचारलं, काटा ढिम्म.

"रागावलीय ती तुझ्यावर," अप्पा त्याला म्हणाले. "फोन करतोस कधी?"

"अप्पा, आत्ता फोनच केलाय ना मी!"

आईचं सगळं करायला दिवसभर एक मावशी येते, आईला ती वहिनी म्हणते. तिने पायथ्याशी उभं राहून विचारलं, तिलाही उत्तर नाही. "तुला अजून घरातली मानत नाही ती," अप्पांनी निकाल दिला. मावशीने वाईट वाटून घेतलं नाही. तिने फक्त एकदा शून्यताईला सांगितलं होतं, "ताई, काटा तिकडे गेला ना, की वहिनी डोळे मिटतात. दर वेळी." अप्पांनी ते ऐकलं आणि म्हणाले, समाधान वाटत असेल.

त्या संध्याकाळी शून्यताई घरी पोहोचली तेव्हा उजेड होता. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. मावशी आईला चाकाच्या खुर्चीत बसवून तिचे केस धूत होती. "वहिनी, झालंच हं, एवढा एकच तांब्या," असं ती सांगत होती. पलंग रिकामा होता. अप्पा त्यावर नवी चादर घालत होते आणि उशीच्या बाजूने वाकून कड आत खोचत होते. मावशीने नेहमीसारख्या दोन्ही तारा हातावरून सोडवून, हरवू नयेत म्हणून स्टुलावरच्या एकाच स्टीलच्या चिमट्यात अडकवल्या होत्या.

"ही चालेल ना?" अप्पा स्वतःशीच पुटपुटले. "का निळी घालू?"

शून्यताई दारातच होती. तिला मीटर दिसत होता. काही सेकंद गेले. मग काटा उचलला गेला आणि सावकाश, काही विचार करून उत्तर द्यावं तसा, उजव्या टोकाला जाऊन थांबला.

अप्पांची पाठ होती. त्यांनी पाहिलं नाही. ते दुसरी कड खोचायला पलीकडे गेले. काटा थोडा वेळ तिथेच राहिला आणि परत डावीकडे पडला.

न्हाणीघरात पाणी वाजत होतं.

शून्यताई स्टुलाजवळ गेली. दोन तारा, एक चिमटा. इनपुट जोडलेली होती. जी तपासणी तिने केली नव्हती ती मावशी रोज, नकळत, करून ठेवत होती. पेटीने आता शून्य दाखवायला हवं होतं. ती खाली वाकली आणि काही न विचारता, काही न बोलता, उघड्या पेटीवर हलकेच श्वास सोडला.

काटा हो म्हणाला.

"काय करतेस?" अप्पांनी विचारलं.

"पेटी बघायचीय जरा. आत नेते."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने बोर्ड बाहेर काढून दिव्याखाली धरला. शेवटच्या चिपशेजारी दोन रिकामी भोकं होती. हा चाचणीचा बोर्ड होता. कारखान्यातल्या टेबलावर तिने तो लावून पाहिला तेव्हा सगळं ठीक होतं, कारण परतीची वाट टेबलाने पुरवली होती. घरी टेबल नव्हतं. इतकी वर्षं त्या भोकांकडे रिकामं म्हणून पाहायची सवय लागलेली, त्यामुळे ती भरायची असतात हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. चिप उघड्या लूपने चालत होती. तिचा भास किंचित उणे होता, म्हणून काटा डाव्या खुंटीला दाबला जाऊन शून्यासारखा दिसत होता. कोणी जवळ वाकून बोललं की श्वासाची ऊब चिपला लागायची. भास किंचित अधिक व्हायचा. त्याला लाखाने गुणलं की होकार. ऊब सावकाश येते, आणि सावकाश येणाऱ्याला ही चिप आपली पूर्ण पट देते.

अप्पा दाराशी येऊन उभे होते. "बिघडलंय का?"

"पहिल्यापासूनच. माझी चूक आहे, अप्पा."

तिने त्यांना सांगितलं. चिप, परतीची वाट, श्वास. ते निवृत्त होण्याआधी शिंपीकाम करायचे. यंत्राबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

"मग इतके दिवस मी कोणाशी बोलत होतो?"

"कधी आईशी बोललाही असाल. तिने जोर केला असेल तेव्हाही काटा तसाच गेला असता. कधी तुमच्याच श्वासाशी. कुठलं केव्हा, ते आता कोणालाच सांगता येणार नाही."

"दुरुस्त करू नकोस."

"अप्पा."

"राहू दे ना गं. चाललंय ते. मी विचारतो, ती उत्तर देते. कोणाचं काय जातंय?"

"खाट जातेय तिची."

बाहेरच्या खोलीत मावशीने आईला पलंगावर निजवल्याचा आवाज आला. शून्यताईने रेझिस्टर शोधला, त्याचे पाय वाकवून भोकांत घातले आणि कथलाचा डाग देऊन पक्के केले. मोठं काम नव्हतं. मग तिने चिमटा लावून शून्य पाहिलं, बोर्डावर फुंकर घातली, तळहात धरला. काटा शून्यावरून हलला नाही. शेवटी तिने पेटीला पत्र्याचं झाकण लावलं आणि ती पलंगाच्या पायथ्याशी, सगळ्यांपासून दूर ठेवली.

ओल्या केसांखाली टॉवेल पसरून आई निजली होती. मावशीने पट्ट्या लावल्या, तारा जोडल्या. काटा आता पूर्वीसारखा खुंटीला दाबलेला नव्हता. शून्याच्या आसपास तो अगदी किंचित थरथरत होता.

"आई," शून्यताई पायथ्याकडून म्हणाली, "मी दोन गोष्टी विचारणार आहे. जे हवं असेल त्याला हात आवळायचा प्रयत्न कर. इथे घरी राहायचंय?"

सगळे थांबले. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. काटा थरथरत राहिला, पुढे गेला नाही.

"केंद्रात जायचंय?"

बराच वेळ काही झालं नाही. मावशी नकळत श्वास रोखून उभी होती. मग काटा निघाला. टोकाकडे नाही. मीटरवरच्या खुणांमधलं दीड घर वर गेला, तिथे धडपडल्यासारखा थांबला आणि खाली आला.

शून्यताईने तारा सोडवून चिमट्यात लावल्या. शून्य. परत जोडल्या. या वेळी प्रश्नांचा क्रम उलटा केला. केंद्राच्या प्रश्नाला पुन्हा दीड घर, घराच्या प्रश्नाला काही नाही. तिने मावशीला विचारायला सांगितलं. मावशीलाही तेच उत्तर मिळालं.

"जाणारच म्हणतेय," मावशी हळूच म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

"खरंच जायचं म्हणतेय, की दोन्हीतल्या एका शब्दाला नुसती दचकतेय, हे या पेटीवरून नक्की होत नाही," शून्यताई म्हणाली. "केंद्राकडे याहून चांगली यंत्रं आहेत. पण काहीतरी आहे. आणि ते तिचं आहे."

"मला विचारू दे," अप्पा म्हणाले.

ते सवयीने उशीकडे निघाले. शून्यताईने त्यांचा दंड धरला नाही, फक्त म्हणाली, "इथूनच, अप्पा." ते पायथ्याशी येऊन उभे राहिले. इतक्या दुरून बायकोशी बोलायची त्यांना सवय नव्हती. आवाज जास्तच मोठा लागला.

"राहतेस ना गं?"

काटा हलला नाही. त्यांनी पाहिजे त्याहून जास्त वेळ वाट पाहिली. दुसरा प्रश्न ते विचारतील असं दोघींना वाटलं. त्यांनी वेगळाच विचारला.

"मी रोज विचारायचो. तो काटा आपला हो, हो म्हणायचा. ते सगळं तुला ऐकू येत होतं?"

आईचे डोळे उघडे होते. छताकडे. काटा निघाला आणि दीड घर वर गेला.

अप्पांनी पुढे होऊन स्वतःच्या हाताने तारा सोडवल्या. बोटं सुई धरणाऱ्याची होती. दोन्ही टोकं त्यांनी चिमट्यात घातली आणि मीटरवर नजर लावून उभे राहिले. शून्य. त्यांनी तारा परत पट्ट्यांना लावल्या आणि तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारला.

दीड घर.

या वेळी काटा खाली आल्यावर आईने डोळे मिटले नाहीत.

अप्पा बाहेरच्या खोलीत गेले. फोन लावल्याचा आवाज आला. "हो, तेच बोलतोय," ते म्हणत होते. "नाही, नाही, विचार बदलला असं नाही. तिचं आधीपासूनच होतं. आम्हाला वाचता येत नव्हतं." मग गाडीची वेळ, सोबत काय आणायचं, कोणाला बसता येईल हे बोलणं झालं. मग कपाटातून निळी चादर काढून त्यांनी बॅगेत घातली.

धाकट्याला शून्यताईने कळवलं. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे ताई, आई माझ्यावर रागावली नव्हती."

"तुझं तिला ऐकू येत होतं, एवढं नक्की. फोन करत जा."

केंद्राची गाडी उद्या सकाळी दहाला येणार आहे. मावशी आठला येईल. ती आईचा हात पुसेल, नव्या पट्ट्या लावेल, आणि तारा जोडण्याआधी दोन्ही टोकं चिमट्यात धरून काटा शून्यावर येतो का ते पाहील. तो आल्याशिवाय घरात कोणी आईला काही विचारणार नाही.